कन्फेशन झालं, तरी शुद्ध वाटत नाही

"मॅडम, पापनिवेदन करून चर्चच्या पायऱ्या उतरतो, तेवढ्यात डोक्यात परत घाण विचार येतो. मग कम्युनियन कोणत्या तोंडानं घेऊ?"

वसईकडच्या एका तरुणाचा हा प्रश्न. पापनिवेदन म्हणजे कन्फेशन, धर्मगुरूंपुढे आपली पापं सांगून क्षमा मागणं; कम्युनियन म्हणजे मिस्सेत, चर्चमधल्या उपासनेत, घ्यायचा पवित्र प्रसाद. थोड्या वेगळ्या शब्दांत तो मला बऱ्याच जणांनी विचारला आहे, कॅथलिक आणि प्रोटेस्टंट दोघांनीही. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

मुलगा विशीतला, हिशेबाच्या नोकरीत. आईच माझ्याकडे समुपदेशनाला घेऊन आली होती. तिला काळजी होती ती त्याच्या झोपेची. बाकी सगळ्याचं कौतुकच. "फार देवाचा आहे हो तो." वीसेक मिनिटांच्या रोझरीला, म्हणजे माळेच्या प्रार्थनेला, त्याला दोन-दोन तास लागायचे. मध्येच नको तो विचार आला की ते दशक (दहा मण्यांचा टप्पा) बाद, पुन्हा पहिल्या मण्यापासून. ईस्टरआधीच्या उपवासकाळात क्रुसाच्या वाटेच्या, म्हणजे येशूच्या अखेरच्या वाटचालीची आठवण करत म्हणायच्या प्रार्थनेच्या, 14 स्थानांचंही तेच. एका संध्याकाळी पापनिवेदन आटोपून तो परत त्याच रांगेत जाऊन उभा राहिला होता.

मोबाइलमधली यादी त्यानं बिचकतच दाखवली. "मिस्सा – विचार – 3." "ट्रेन – नजर – 2 (की 1?)" त्या कंसापाशी मी थांबले. पापाची खंत असणारा माणूस असा हिशेब ठेवत नाही. एकची चूक दोन झाली तर आपलं पापनिवेदनच खोटं ठरेल, या धास्तीनं तो रात्रभर तो प्रसंग डोक्यात पुन्हा पुन्हा चालवून बघत होता.

याला स्क्रुप्युलॉसिटी म्हणतात. ओसीडीचाच, म्हणजे नको ते विचार आणि ते शमवायला त्याच त्या कृती करायला लावणाऱ्या आजाराचाच, हा एक प्रकार. कुणी हात धुतं, कुणी कुलूप तपासतं, हा मन धूत होता. खाजवल्यावर क्षणभर बरं वाटावं आणि खाज वाढावी, तसं प्रत्येक माफीनंतर व्हायचं.

"म्हणजे शुद्ध राहायची धडपड सोडून देऊ?" त्यानं जरा रागानंच विचारलं. राग रास्त होता. "जे अंतःकरणाचे शुद्ध ते धन्य" हे त्यानं लहानपणापासून ऐकलेलं. ते त्याच्याकडून काढून घेण्याचा मला अधिकार नाही आणि तशी इच्छाही नाही. पण त्याच्याच चर्चची शिकवण त्याच्यापुढे ठेवली: घोर पापाला तीन गोष्टी लागतात, गंभीर बाब, पूर्ण जाणीव आणि जाणूनबुजून दिलेली संमती. नकोसा विचार येऊन धडकतो, त्यात संमती कुठे आहे? त्याला हे पाठ होतं. अडचण अशी की "मी संमती दिली नाही कशावरून?" हीच त्याची पुढची शंका.

मग मी त्याला लोयोलाच्या संत इग्नेशियसबद्दल सांगितलं. गोव्यात 1542 साली उतरलेले फ्रान्सिस झेवियर ज्यांचे सोबती, तेच. 1522 मध्ये स्पेनमधल्या मानरेसा गावी असताना ते याच फेऱ्यात सापडले होते. जुनी पापं पुन्हा पुन्हा सांगत. जीव द्यावा असंही त्यांच्या मनात येई. "अगदी स्पष्ट असेल तेवढंच जुनं सांग," असं त्यांच्या धर्मगुरूंनी बजावलं, पण इग्नेशियसना सगळंच स्पष्ट वाटायचं! त्यांनी आठवडाभर अन्न सोडलं, तेव्हा धर्मगुरूंनीच तो उपास मोडायला लावला. मुलगा पहिल्यांदा हसला तो इथे.

गोष्टीनं आजार जात नाही. मनोविकारतज्ज्ञांनी गोळ्या सुरू केल्या आणि माझ्याकडे सराव: विचार येऊ द्यायचा, तो पुसायला क्रूस करायचा नाही, मणी मागे न्यायचा नाही, रोझरी वाकडीतिकडी झाली तरी पुढेच न्यायची. त्याच्या परवानगीनं मी फादरांना भेटले. कन्फेशनमधलं ते काही सांगू शकत नाहीत आणि मला ते नकोही होतं. आम्ही फक्त नियम ठरवले. पापनिवेदन एकाच फादरांकडे, महिन्यातून एकदा, यादीशिवाय. पाप झालं की नाही अशी नुसती शंका असेल, तर ते सांगायचं नाही.

सगळ्यात जड गेलं ते आईला. "मम्मी, हे पाप नाही ना?" असं तो दिवसभर विचारायचा आणि ती मायेनं "नाही रे बाळा" म्हणायची. ते उत्तर मी बंद करायला सांगितलं. "ठाऊक नाही, चल जेवायला" एवढंच म्हणायचं. तिला मी निर्दय वाटले. स्वाभाविकच आहे, पण तिचं प्रत्येक "नाही रे" म्हणजे त्याच यादीत आणखी एक ओळ होती.

एक मात्र तपासूनच पुढे जाते. कुणाला खरंच दुखावलं असेल, फसवलं असेल, तर ते आजाराच्या खात्यात टाकायचं नाही. तिथे माफी मागायची, पैसे परत करायचे. या मुलाच्या यादीत असं एकच निघालं: ऑफिसातल्या एकाची उधारी. ती मात्र त्याच्या डोळ्याआड राहिली होती! आठवड्यात फेडली.

ईस्टरच्या मिस्सेत त्यानं कम्युनियन घेतली. विचार आला होताच. रोझरी आता अर्ध्या तासात होते, पण परीक्षेच्या किंवा आजारपणाच्या दिवसांत जुनी सवय डोकं वर काढते. झोप-जेवण सुटलं किंवा जिवाचं काही करावंसं वाटलं, तर थांबू नका. सरकारच्या टेली मानस या मानसिक आरोग्याच्या फोनसेवेचा 14416 हा क्रमांक आहे.

मध्यंतरी फादरांचा फोन आला. असे लोक ओळखायचे कसे, म्हणाले. मी म्हटलं, पापनिवेदनानंतर हलकं किती वेळ वाटतं ते विचारा. दारापर्यंतही पुरत नसेल, तर माझ्याकडे पाठवा.