मुत्सद्दी, मोसद्देग आणि खारिजेचा वजीर

एका वाचकाने विचारलं आहे : ‘इराणच्या तेल राष्ट्रीयीकरणावरच्या व्याख्यानात वक्त्यांनी हुसेन फातेमी यांचा उल्लेख मोसद्देग यांचे मुत्सद्दी असा केला. मुत्सद्दी हा शब्द मोसद्देग या नावावरूनच आला, असंही ते म्हणाले. हे खरं का? आणि मुत्सद्दींनी म्हणायचं की मुत्सद्द्यांनी?’

खरं नाही. आणि मुत्सद्द्यांनी.

ही ‘व्युत्पत्ती’ मी अलीकडे वारंवार ऐकतो आहे आणि दर वेळी संताप येतो. मोहम्मद मोसद्देग यांचा जन्म 1882 सालचा, ते इराणचे पंतप्रधान झाले 1951मध्ये, आणि फातेमी हे त्यांचे परराष्ट्रमंत्री. मुत्सद्दी हा शब्द आपल्याकडे पेशवाईच्या कागदपत्रांत सर्रास आहे. नातू आजोबाचा बाप कसा होणार? बरं, कालक्रम बाजूला ठेवला तरी कान नावाची काही चीज असते. मुत्सद्दीतला ‘त’ मोसद्देगमध्ये कुठे आहे?

सगळी मेख त्या ‘त’मध्ये आहे. दोन्ही शब्द मुळात अरबी, फारसीमार्गे फिरलेले. मोसद्देगचं मूळ रूप मुसद्दिक, म्हणजे एखादी गोष्ट खरी आहे अशी ग्वाही देणारा. हिंदी-उर्दूतलं तसदीक, सिद्दीकी हे आडनाव, सादिक हे नाव, ही सगळी त्याची भावंडं. घडणीने हा शब्द मुकद्दम आणि मुकर्रर यांच्या पंगतीत बसतो. मुत्सद्दीचं मूळ रूप मुतसद्दी, म्हणजे पुढे सरसावून काम अंगावर घेणारा. तो बसतो मुतालिक या शब्दाच्या पंगतीत. मुतालिक म्हणजे ‘तअल्लुक’ असलेला, संबंधित, आणि त्याच धातूतून आपला तालुकाही आला. ‘मु’नंतर ‘त’ आला की घडण निराळी, हे एवढं ध्यानात ठेवलं तरी अशा निम्म्या भाकडकथा गळून पडतील. ‘तसदीबद्दल क्षमस्व’मधली तसदी तर आणखी तिसऱ्याच धातूची, तिचा मूळ अर्थ डोकेदुखी! हे तिन्ही धातू एकमेकांशेजारी ठेवले तर पहिली दोन व्यंजनं तीच, तिसरं वेगळं. ज्याला मोसद्देग यांचे शब्दबंधू हवेच असतील त्याने त्यांच्या मंत्रिमंडळातले गृहमंत्री घुलाम हुसेन सदीगी यांच्याकडे पाहावं. ते आडनाव खरोखर त्याच धातूचं आहे.

वक्त्यांना हे कोणी सांगावं? शिवाय मोसद्देग हे त्यांचं जन्मनाव नव्हेच. तो इराणच्या तेव्हाच्या काजार राजघराण्याच्या दरबारचा किताब, ‘मोसद्देग-उस-सल्तने’. वडिलांच्या मृत्यूनंतर लहानपणीच मिळालेला. पुढे इराणात किताब रद्द झाले, प्रत्येकाला आडनाव घेणं सक्तीचं झालं, तेव्हा किताबाचं पहिलं पद आडनाव म्हणून उरलं.

आता अर्थाकडे. मुत्सद्दी म्हणजे राजकारणकुशल माणूस, हे सगळ्यांना ठाऊक आहे, त्यात वेळ घालवत नाही. मौज अशी की हा अर्थ इराणी माणसाला सांगितला तर त्याचा विश्वास बसणार नाही. आजच्या फारसीत ‘मोतसद्दी’ म्हणजे खिडकीवरचा कारकून किंवा यंत्र चालवणारा माणूस. मोगलांच्या काळी सुरत बंदराच्या प्रमुख अधिकाऱ्याला मुत्सद्दी म्हणत, म्हणजे तिथे शब्द जरा वर चढलेला होता. मराठीत मात्र तो थेट शिखरावर जाऊन बसला.

काही अभ्यासक याचं कारण ‘अर्थविस्तार’ एवढंच देतात. हे कारण नव्हे, कारण सांगायचा कंटाळा आहे. माझं मत असं : शब्द वर चढला कारण माणसं वर चढली. आपल्याकडे हिशेब लिहिणाऱ्या हातांनी राज्य चालवलं. नाना फडणीस हे ठळक उदाहरण. फडणीस हे मुळात हिशेबाच्या दप्तराचं पद, फर्द लिहिणारा तो फर्दनवीस. त्या पदावरच्या माणसाच्या एका पत्राने पुण्यापासून हैदराबादेपर्यंत मोहरे हलत असतील, तर लेखनिकाला लावलेल्या ‘मुत्सद्दी’ या शब्दाचा अर्थ लेखनिक कसा राहील? लोक ज्याला मुत्सद्दी म्हणत होते तो डोळ्यांदेखत राज्याचा सूत्रधार झाला, आणि शब्द त्याच्या मागोमाग गेला. यावर एकजण मला म्हणाले, की मग इराणात तसं का झालं नाही? मोसद्देग स्वतः हिशेबनिसांच्या घराण्यातले, पोरवयातच खोरासान प्रांताचे ‘मोस्तोफी’, म्हणजे महसुलाचे हिशेबनीस झालेले. बरोबर! पण तिथे जो शब्द वर चढला तो मोस्तोफी. नवी अर्थव्यवस्था आली तशी ती पदं गेली आणि शब्द इतिहासजमा झाला. मोतसद्दी खालीच राहिला. हे उदाहरण माझ्या मताला छेद देत नाही, बळ देतं.

याच्या बरोबर उलट प्रवास केलेला एक शब्द आहे, आणि फातेमींचा विषय निघाला म्हणून तो सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. फातेमी ऑक्टोबर 1952मध्ये परराष्ट्रमंत्री झाले, वय जेमतेम 35. फारसीत त्या पदाला म्हणतात ‘वज़ीर-ए उमूर-ए ख़ारिजे’. यातला वजीर आपल्या बुद्धिबळात आहे. उमूर म्हणजे कारभार, आणि तो आपल्या उमरावाचा सगोत्र. पण खरी गंमत ख़ारिजे या शब्दात आहे. हा आपला खारीज! अर्ज खारीज, दावा खारीज, त्यातला. मूळ अर्थ ‘बाहेरचा’. काजार काळात गृहखात्याचं नाव ‘दाख़ेले’ होतं, म्हणजे आतलं. आपल्या कचेरीत दाखल आणि खारीज ही जोडी अजून टिकून आहे, शाळेचा दाखलाही त्यातलाच. इराणात ‘ख़ारेज’ म्हणजे परदेश, सगळं बाहेरचं जग. आपल्याकडे तोच शब्द आकसून अर्जावरच्या एका शेऱ्यात मावला. मुत्सद्दी तिथे खिडकीशी राहिला, इथे सिंहासनाशेजारी बसला. खारीज तिथे जगभर पसरला, इथे फायलीत अडकला. एकाच भाषेतून आलेल्या दोन शब्दांची अशी फुली मला दुसरीकडे सापडलेली नाही.

आणि फातेमींच्या कारकिर्दीत या शब्दाचे दोन्ही अर्थ अक्षरशः एकत्र आले. मंत्री झाल्यावर थोड्याच दिवसांत, 22 ऑक्टोबर 1952 रोजी, इराणने ब्रिटनशी राजनैतिक संबंध तोडले. खारिजेच्या वजिराने ब्रिटिश वकिलात खारीज केली, असं मराठीत म्हटलं तर एकही शब्द चुकत नाही.

मग फातेमी मुत्सद्दी होते का? माझं उत्तर नाही असंच आहे, आणि त्यात त्यांचा अपमान नाही. मराठीत मुत्सद्दी म्हणजे परतीची वाट राखून बोलणारा. फातेमी होते पत्रकार. इस्फहानजवळच्या नाईन गावचे, पॅरिसला शिकून आलेले. 1949मध्ये त्यांनी ‘बाख़्तर-ए एमरूज़’ हे दैनिक काढलं (यातल्या एमरूज़मधला रूज़ म्हणजे आपल्या रोजनिशीतला रोज). त्याच वर्षी ‘जेब्हे-ये मिल्ली’ म्हणजे राष्ट्रीय आघाडी स्थापन झाली, तिच्या संस्थापकांत ते होते. तेल देशाच्या मालकीचं करावं ही कल्पना प्रथम फातेमींनी मांडली, हे श्रेय खुद्द मोसद्देग यांनी त्यांना दिलं आहे. फेब्रुवारी 1952मध्ये, खून झालेले पत्रकार मोहम्मद मसऊद यांच्या कबरीपाशी ते भाषण करत असताना ‘फ़दाइयान-ए इस्लाम’ या कट्टर धार्मिक संघटनेच्या एका पंधरा वर्षांच्या मुलाने त्यांच्या पोटात गोळी झाडली. ती जखम त्यांना कायमची पुरली. तरी आठ महिन्यांनी ते मंत्रिपदावर हजर होते.

ऑगस्ट 1953मधलं त्यांचं वागणं पाहा, म्हणजे मी काय म्हणतो ते कळेल. 15 तारखेच्या रात्री शाही रक्षकदलाने त्यांना घरातून पकडून नेलं. मोसद्देग सरकार उलथवण्याचा तो उठाव फसला, सकाळी फातेमी सुटले, शाह देश सोडून गेला. एखादा मुत्सद्दी अशा वेळी दोन दिवस गप्प बसला असता, वारा बघितला असता. फातेमींनी बहारेस्तान चौकातल्या सभेत शाहवर तुटून पडणारं भाषण केलं आणि आपल्या दैनिकात अग्रलेख लिहून राजघराण्याची लक्तरं वेशीवर टांगली. मोसद्देग इतक्या टोकाला गेले नव्हते. 19 ऑगस्टला दुसरा उठाव यशस्वी झाला. इराणी पंचांगात तो 28 मोर्दाद, आणि इराणी माणूस आजही त्याच तारखेने त्याची आठवण काढतो. मोसद्देग यांना तीन वर्षांची कैद आणि मग मरेपर्यंत इराणातल्याच अहमदाबाद या त्यांच्या गावी नजरकैद झाली. फातेमी काही महिने लपून राहिले, 1954मध्ये सापडले. पोलीस मुख्यालयाबाहेर गुंडांच्या टोळीने त्यांच्यावर सुरे चालवले तेव्हा त्यांची बहीण मध्ये पडली आणि तिने वार अंगावर घेतले. लष्करी न्यायालयाने त्यांना मृत्युदंड दिला आणि 10 नोव्हेंबर 1954 रोजी त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. मोसद्देग यांच्या मंत्र्यांपैकी मृत्युदंड झालेले ते एकटेच. अशा माणसाला ‘मुत्सद्दी’ म्हणून गौरवायचं म्हणजे त्याने जे केलं तेच नाकारायचं. परराष्ट्रमंत्री म्हणा, वजीर म्हणा, झुंजार संपादक म्हणा.

वर्तमानपत्रांनी तर वकिलातीतल्या झाडून सगळ्या अधिकाऱ्यांना मुत्सद्दी करून टाकलं आहे. ‘दोन मुत्सद्द्यांची हकालपट्टी’ अशी बातमी वाचायची आणि आत पाहावं तर व्हिसा विभागातले दोघे. त्यांना वकिलातीतले अधिकारी म्हणावं. यावर उपाय म्हणून कोणी ‘राजनयिक’ पुढे करतात, तो शब्द हिंदीतून उचललेला आहे आणि मराठी जिभेवर रुळत नाही.

राहिलं लेखन. मोसादेक, मोसादेघ, मुसद्दिक अशी सगळी रूपं छापून येतात. तेहरानी बोलीत क़ाफ आणि गैन या अक्षरांचा उच्चार एकच झालेला आहे, म्हणून शेवटी ‘ग’. द्वित्त ‘द’ स्पष्ट ऐकू येतो, म्हणून ‘द्दे’. ‘स’ला दीर्घ करण्याचं काहीच कारण नाही, तो रोमन अक्षरं वाचून आलेला काना आहे. मोसद्देग लिहावं.