मूक कवायतीत, म्हणजे कुणी आदेश न देता, तीस-चाळीस जण एकाच क्षणी रायफल कशी फिरवतात? डोळ्याच्या कोपऱ्यातून शेजाऱ्याकडे बघतात का?

बघत नाहीत. बघून हालचाल केली तर तुम्ही निमिषभर मागेच पडता. सगळा खेळ मोजणीचा. साताऱ्यात कॉलेजला असताना एनसीसीत आम्हाला 'सलामी शस्त्र'च्या तीन हालचाली शिकवल्या, तेव्हा प्रत्येक हालचालीनंतर 'दो-तीन' एवढा विराम मोठ्याने ओरडून घ्यायचा. आठवड्याभराने ओरडणं बंद, मोजणी मनात. तेज चालीला मिनिटाला १२० पावलं, म्हणजे सेकंदाला दोन. हा ठेका एकदा अंगात मुरला की बुटांचा आवाजच आदेश होतो.

अमेरिकन मरीन्सची २४ जणांची मूक तुकडी हेच टोकाला नेते. हातात जुनी एम-१ गॅरँड, वर उघडी संगीन, वजन पावणेपाच किलोच्या आसपास. आपल्या हवाई दलाचंही असं पथक आहे.

फेकलेली रायफल झेलताना नळीकडे नाही, तोल कुठे आहे तिकडे हात जातो. सुरुवातीला एकच गिरकी, तीही लाकडी रायफलीने. माझ्या हातून एकदा रायफल निसटली आणि थेट शेजाऱ्याच्या बुटावर पडली. तो पठ्ठ्या अपशिंग्याचा, साताऱ्याजवळच्या सैनिकांच्या गावचा, पापणीही हलवली नाही! (परेड सुटल्यावर मात्र शिव्यांची लाखोली वाहिली.) खरी शिस्त म्हणाल तर ती, फिरवाफिरवी सरावाने कुणालाही जमते.