‘टाइट एंड’मधलं ‘टाइट’ कशाला उद्देशून?

प्रश्न असा आहे: अमेरिकन फुटबॉलच्या समालोचनात ‘टाइट एंड’ सारखा कानावर पडतो. खेळ सुरू होण्याआधी हा गडी कधी एक हात जमिनीला टेकवून वाकलेला दिसतो, तर कधी चक्क उभा. मग ‘टाइट’ म्हणजे ते अंग आवळून वाकणं का? आणि मराठीत त्याला काय म्हणावं?

वाकण्याशी ‘टाइट’चा संबंध नाही. तो शब्द अंतर सांगतो.

आधी ‘एंड’ घेऊ. स्नॅपच्या वेळी, म्हणजे चेंडू मागे दिला जाताना, आक्रमक संघाचे किमान सात जण चेंडूच्या जागेवरच्या आडव्या रेषेवर लागतात. मध्ये सेंटर, त्याच्या दोन्ही अंगांना गार्ड, त्यांच्या बाहेर टॅकल, असे झाले पाच. दोन टोकांना उरले ते ‘एंड’, आणि रेषेवरच्यांपैकी पास झेलायची मुभा फक्त त्यांना. यातला टॅकलला खेटून असतो तो टाइट एंड, रांगेपासून फटकून कडेला उभा राहतो तो स्प्लिट एंड. क्रिकेटमधल्या ‘शॉर्ट लेग’सारखंच हे. तिथलं ‘शॉर्ट’ काही क्षेत्ररक्षकाची उंची सांगत नाही!

फरक इतकाच, की शॉर्ट लेगचा माणूस लाँग ऑनला गेला की त्याचं नाव बदलतं. टाइट एंड कडेला जाऊन उभा राहिला तरी टाइट एंडच, कारण जागेचं नाव आता कामाला चिकटलंय. समोरच्याला रेटून वाट करून देणं आणि पासही झेलणं, ही दोन्ही कामं त्याची. हात टेकला की खालून जोर लावता येतो. उभं राहिलं की बचावफळी नीट दिसते आणि पळायला सोपं जातं. पण हात टेकलाय म्हणजे तो रेटणारच, असं बचावाने धरून चालू नये. तिथूनही तो पास घ्यायला निसटतो.

या शब्दावरून २०१४ मध्ये खरोखरच लवादापुढे वाद झाला. न्यू ऑर्लिन्स सेंट्स या संघाचा टाइट एंड जिमी ग्रॅहमचं म्हणणं, मी बहुतेक वेळा टॅकलपासून दूर उभा राहतो, म्हणून मला वाइड रिसीव्हर, म्हणजे कडेला राहून पास झेलणारा, धरा. प्रश्न पैशांचा होता: त्या वर्षीच्या ‘फ्रँचायझी टॅग’ करारात (खेळाडूला एक वर्ष राखून ठेवायचा करार, रक्कम खेळाडूच्या जागेनुसार) टाइट एंडला सुमारे ७० लाख डॉलर, वाइड रिसीव्हरला सुमारे १ कोटी २३ लाख. लवादाने टॅकलपासून चार यार्डांच्या आतलं उभं राहणं टाइट एंडचंच मानलं, आणि ग्रॅहम हरला. ‘खेटून’ म्हणजे नेमकं किती, याचं इतकं महागडं उत्तर क्वचितच कुणाला मिळालं असेल.

मराठीत ‘घट्ट टोक’ वगैरे करू नये, हसू येईल. पहिल्यांदा ‘टॅकलला खेटून असणारा टोकाचा खेळाडू’ असं सांगावं, पुढे सरळ ‘टाइट एंड’. अनेकवचनही ‘दोन टाइट एंड’ असंच. ‘एंड्स’ची गरज नाही.