सौ., श्रीमती, काकू की नुसतं नाव? वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात एका ताईंचं छोटं पत्र छापलं होतं, कुरिअरवाल्याने दारात उभं राहून "घरात कोणी जेन्ट्स आहेत का" विचारलं आणि सही करायला नवऱ्याला बोलवा म्हणाला, त्याबद्दल. पार्सल ताईंच्याच नावाचं होतं! त्यावर एवढी पत्रं आली की सगळी छापायची तर अंकात पाककृतींना जागा उरणार नाही, म्हणून थोडी निवडलीत. नवीन वाचकांसाठी सांगते, मी 31 वर्षं बँकेत काउंटरला काढली, त्यामुळे यातल्या अर्ध्या तक्रारी माझ्यासारख्यांनीच तयार केलेल्या आहेत, उत्तरं देताना जरा लाजही वाटतेय.

प्रश्न: ताई, माझं नवीन चेकबुक आलं त्याच्या पाकिटावर नावाआधी 'श्रीमती' छापलंय. मिस्टर अगदी ठणठणीत आहेत, रोज पाच किलोमीटर चालतात. सासूबाईंनी ते पाकीट बघितलं आणि दोन दिवस घरात कोणी धड जेवलं नाही, म्हणतात अपशकुन आहे, आत्ताच्या आत्ता बदलून आण. मला स्वतःला काही वाटत नाही पण घरात शांतता हवीय. (नाशिक)

उत्तर: आधी सासूबाईंना हे वाचून दाखव. हिंदीत श्रीमती म्हणजे सरळ लग्न झालेली बाई, तिचा नवरा शेजारी बसून चहा पीत असला तरी ती श्रीमतीच. आपण मराठीत काय केलं, नवरा असलेल्या बाईसाठी सौ. वेगळं काढून ठेवलं, म्हणजे सौभाग्यवती, आणि मग उरलेलं श्रीमती आपोआप नवरा गेलेल्या बाईच्या वाट्याला गेलं. शब्दात तसं काही नाहीये गं, श्रीमानचं स्त्रीलिंग आहे ते, आणि श्री. लिहिताना आजवर कोणी कुठल्या पुरुषाला विचारलेलं नाही की बायको आहे का, असली तर कुठे आहे.

आता बँकेचं सॉफ्टवेअर काही नाशिकला बनत नाही. तिथे मिसेसच्या समोर श्रीमती असतं आणि ते सगळ्या राज्यांना एकच. पॅनकार्डाचा फॉर्म आठव, त्यात श्री, श्रीमती, कुमारी एवढंच, सौ. नाहीच. आणि मंत्रालयातून बदल्यांच्या ऑर्डरी निघतात त्यात लग्न झालेली असो नसो, सगळ्या महिला अधिकाऱ्यांच्या नावाआधी श्रीमतीच लिहितात, कलेक्टरबाईंच्या पण. सासूबाईंना कलेक्टरचं उदाहरण पटेल असं वाटतंय.

तरी बदलायचंच असेल तर ब्रँचमध्ये साधा अर्ज दे. टायटल हा तुझ्या नावाचा भाग नाही, ते बदललं म्हणून सही, पॅन, आधार काही बदलावं लागत नाही. सौ. बहुतेक मिळणार नाही, पण "टायटल काढून नुसतं नाव छापा" असं लिहून बघ, पुष्कळ ठिकाणी करून देतात.

आणि आता माझं पाप सांगते. आम्ही काउंटरला बसायचो तेव्हा टायटल विचारायचो कुठे, गळ्याकडे बघायचो. मंगळसूत्र दिसलं की सौ., नाही दिसलं आणि वय कमी वाटलं की कुमारी, वय जास्त वाटलं की श्रीमती, झाला फॉर्म भरून. एकदा एका बाईंना मी छान ठसठशीत अक्षरात कुमारी करून टाकलं, पासबुक घेऊन परत आल्या तर बरोबर कॉलेजला जाणारे दोन मुलगे. लोकलमध्ये चोऱ्या होतात म्हणून मंगळसूत्र काढून पर्समध्ये ठेवलं होतं हो त्यांनी! त्या हसल्या म्हणून मी वाचले. तेव्हापासून मी "नावाआधी काय लावू" असं तोंडाने विचारायला लागले, चार सेकंद लागतात त्याला.

प्रश्न: माझे पती आठ महिन्यांपूर्वी गेले. जॉइंट खातं माझ्या एकटीच्या नावावर करायला गेले तेव्हा काउंटरवरचा मुलगा, वाईट नव्हता तो, सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणाला, "काकू, सौ. काढून गं. भा. टाकू का?" मागे रांग होती. मी हो म्हणून बाहेर आले आणि रिक्षात बसून रडले. आता पत्रं येतात गं. भा. लिहिलेली. हे लावणं कायद्याने गरजेचं असतं का? (सातारा)

उत्तर: नाही, ताई. कुठल्याही कायद्यात नाही. नवरा गेला की बाईने नावाआधी काही लावलं पाहिजे, बदललं पाहिजे, असं बँकेला, गॅस एजन्सीला, सोसायटीला, कोणालाही सांगता येत नाही. बँकेला मृत्यूचा दाखला हवा असतो, तुमची केवायसी हवी असते, खात्यावरचं त्यांचं नाव कमी होतं, काम संपलं. गं. भा. म्हणजे गंगाभागीरथी, नवरा गेलेल्या बाईच्या नावाआधी लावतात तो, हा शब्द पत्रिकांमधून आणि जुन्या पत्रांच्या मायन्यातून आलाय, तो कोणीतरी आदर म्हणून लिहीत असेलही, पण ज्या आदराने माणूस रिक्षात बसून रडतो तो आदर मला तरी नको.

तुम्हाला आठवत असेल, 2023 च्या एप्रिलमध्ये तेव्हाचे महिला व बालविकास मंत्री मंगलप्रभात लोढा यांनी विधवा शब्दाऐवजी गंगाभागीरथी वापरता येईल का यावर चर्चा करा असं खात्याला कळवलं, आणि केवढा गदारोळ झाला. मग नुसती चर्चा आहे, निर्णय नाही असा खुलासा आला. मला तेव्हा गंमत वाटली ती ही की विधवा शब्दाला पर्याय शोधताना सगळे शब्दच शोधत होते, मुळात शब्द लागतो कुठे हे कोणी विचारत नव्हतं. लागतो तिथे लागतो, नाही असं नाही. संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज असेल, लाडकी बहीणचा असेल, तिथे विवाहित, विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता असे प्रकारच आहेत आणि पात्रता त्यावर ठरते, मग विचारणारच. पण ते अर्जातल्या एका रकान्यात. चेकबुकावर कशाला? गॅसच्या पावतीवर कशाला? आणि रांगेसमोर तर अजिबात नाही.

त्याआधी वर्षभर, 2022 च्या मे महिन्यात, कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीने ठराव केला होता की नवरा गेल्यावर बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र काढणं हे गावात बंद. सरकारनेही मग परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींना हेरवाडसारखं करा म्हणून सांगितलं. कुंकू पुसायचं नाही असं एक अख्खं गाव ठरवू शकतं, तर कॉम्प्युटरमधलं सौ. पुसायचं की नाही हे तुम्ही नक्कीच ठरवू शकता. ठेवायचं असेल तर ठेवा, इतकी वर्षं लावलंय तुम्ही ते. नको असेल तर अर्जात एक ओळ लिहा, "माझ्या नावाआधी कोणतीही उपाधी लावू नये", खाली सही, आणि पोच घ्या. स्वतः जायचं नसेल तर कोणाच्या हाती पाठवा. त्या मुलाला भेटलात तर सांगाही शांतपणे, त्याला कोणी शिकवलेलं नसतं हो.

प्रश्न: वय 36, लग्न केलेलं नाही, करायचं नाही. पीसीओडीसाठी दवाखान्यात जाते तिथली रिसेप्शनिस्ट दर वेळी "मिसेस अमुक" करून ओरडते, आणि मी एकटी दिसले की "हजबंड नाही आले?" दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा मी गप्प बसले, आता गप्प बसल्याचाच राग येतोय. (पुणे)

उत्तर: राग येऊ दे, पण स्वतःवर नको. डॉक्टरला आत केबिनमध्ये काही खाजगी गोष्टी विचाराव्या लागतात, प्रेग्नन्सीची शक्यता आहे का वगैरे, त्याला कारण असतं आणि त्याचाही लग्नाशी संबंध नाही. बाहेरच्या रिसेप्शनला त्यातलं काहीही लागत नाही. तुझ्या उपचाराला तुझी संमती पुरते, तू सज्ञान आहेस. अगं, गर्भपाताच्या कायद्यातसुद्धा आधी 'विवाहित स्त्री किंवा तिचा पती' अशी भाषा होती ती 2021 च्या दुरुस्तीत 'कोणतीही स्त्री किंवा तिचा जोडीदार' अशी झाली, आणि 2022 च्या सप्टेंबरमध्ये सुप्रीम कोर्टाने अविवाहित बाईला विवाहितेपेक्षा कमी हक्क देता येणार नाही असं स्पष्ट सांगितलं. एवढं सगळं होऊन काउंटरवर अजून हजबंडच चाललंय.

करायचं काय, तर रिसेप्शनिस्टशी वाद घालू नकोस, तिच्या स्क्रीनवर मिसेस लिहिलेलं आहे ते ती वाचते. रेकॉर्डच बदलून घे. "माझ्या फाइलवरचं मिसेस काढा" असं सांग आणि तिच्यासमोर उभी राहून बघ ते निघालं का. बऱ्याच फॉर्मवर आता मिसेस आणि मिस दोन्हीच्या शिवाय 'मिज' असतं, एम आणि एस वालं, ते टिक कर, त्यात लग्न कळत नाही. विमानाची तिकिटं काढताना तेच निवडतेस ना, तसंच. माझी भाची जर्मनीत असते, ती सांगते तिथे सोळा वर्षांची पोरगी असो की सत्तर वर्षांची आजी, ऑफिसात सगळ्या 'फ्राऊ' आणि आडनाव. कुमारीसाठीचा फ्रॉईलाईन शब्द तिकडच्या सरकारी कागदांतून 1972 लाच गेला म्हणे. आपल्याकडे तेव्हा मी शाळेत कु. लिहून वहीला कव्हर घालत होते.

प्रश्न: घटस्फोट झालाय, माहेरचं आडनाव परत घेतलंय. मुलाच्या शाळेत मात्र मला अजून मुलाच्या आडनावाने मिसेस म्हणतात. काही नियम आहे का? (ठाणे)

उत्तर: हाक मारण्याचा नियम नाही, पालकाच्या रकान्यात काय नाव आहे तेवढंच. मुख्याध्यापकांना पत्र द्या, पालक म्हणून माझं नाव असं असं आहे, पत्रव्यवहार याच नावाने करावा. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात तर आपल्या राज्यात आईचं नाव वडिलांच्या आधी लिहायचं ठरलंय, त्यामुळे शाळांना पुढेमागे आयांची नावं पाठ करावीच लागणार आहेत. तुमचा मुलगा त्याआधीचा असेल, तरी पत्र द्याच.

प्रश्न: ताई, माझं किराणा दुकान आहे आणि मी पुरुष आहे, तरी विचारतो. मागच्या आठवड्यात एका गिऱ्हाईकाला काकू म्हणालो तर "मी तुझी काकू कधी झाले?" म्हणून सामान ठेवून निघून गेल्या. वहिनी म्हटलं तर एकीने विचारलं तुझ्या कुठल्या भावाची. मॅडम म्हटलं की जुन्या बायका म्हणतात लई शहाणा झालास. आम्ही बोलायचं कसं? (इचलकरंजी)

उत्तर: तुमचं पत्र वाचून मी एकटीच हसत बसले होते. पण तुमची अडचण खरी आहे बरंका, पुरुषाला दादा किंवा भाऊ म्हटलं की विषय संपतो, बाईला हाक मारताना मात्र आधी तिचं वय आणि मग तिचं लग्न, दोन्हीचा अंदाज बांधावा लागतो आणि दोन्ही चुकतात. वहिनीत तर नवराच आधी येतो, तिची ओळख भावाची बायको म्हणून. काकूत वय येतं. मावशी त्यातल्या त्यात बरी होती, आईकडचं नातं, पण ती आता दवाखान्यातल्या आणि घरकामाच्या बायकांना चिकटलीय.

ताई चालतं. विशीपासून साठीपर्यंत कोणी रागावलेली मी पाहिली नाही, आणि कोल्हापूर-इचलकरंजीकडे ताई म्हणताना आवाजात जो मान असतो तो इकडे मुंबईत मॅडममध्ये पण नसतो. आणि रोजचं गिऱ्हाईक असेल तर नाव विचारून घ्या की! उधारीच्या वहीत नवऱ्याचं आडनाव लिहिता ना, पाटीलवहिनी, कुलकर्णीवहिनी, तिथे त्यांचं नाव लिहा. शोभाताई, रेहानाताई. आणि तुम्ही म्हणा, अहो म्हणा. बायांचा निम्मा राग काकूवर नसतो, "काकू, काय देऊ गं" मधल्या गं वर असतो. त्या सामान ठेवून गेलेल्या ताई परत आल्या तर कळवा.

प्रश्न: मी 71 वर्षांची, 33 वर्षं शाळेत शिकवलं, शेवटची सहा वर्षं मुख्याध्यापिका. सगळं गाव मला बाई म्हणायचं. आता एसटीत चढले की कंडक्टर "आजी, सरका मागं", बँकेत "आजी, इथं अंगठा", मी सही करते तरी! माझी बाई कुठे गेली? (सांगली जिल्हा)

उत्तर: बाई, नमस्कार. तुमच्या पत्रातलं अक्षर बघूनच मी खुर्चीत नीट बसले.

सावित्रीबाई, अहिल्याबाई, रमाबाई, या सगळ्यांच्या नावाला बाई लागलं ते मानाचं, त्यात सौ. नाही, श्रीमती नाही, नवरा नाही. एवढा चांगला शब्द आपल्याकडे होता. शाळेत त्याची टीचर झाली, मग मॅडम झाली, आणि बाई उरली ती "आज आमची बाई आली नाही" एवढ्यापुरती. ज्या बाया घरकाम करतात त्यांनाही तो मानानेच लावला असता तर तक्रार नव्हती.

बँकेत अंगठ्याचं शाईचं पॅड पुढे आलं की ते मागे सारा आणि स्वतःचं पेन काढा. माझ्या काउंटरला एक निवृत्त मास्तरीण असंच करायच्या, न बोलता, पुन्हा त्यांच्यापुढे पॅड सरकवायची आमची हिंमत झाली नाही.

एसटीचं म्हणाल तर हिशोब सांगते. 65 ते 75 वयाच्या ज्येष्ठांना अर्धं तिकीट आहे, आणि 17 मार्च 2023 पासून सगळ्याच महिलांना अर्धं तिकीट आहे. म्हणजे तुम्हाला पैसे तेवढेच पडतात. तेव्हा कंडक्टर "आजी का?" म्हणाला की खुशाल सांगा, "नाही, महिला. एक सांगली." पंचाहत्तरी झाली की सगळं तिकीटच माफ आहे, तेव्हा आधार दाखवून आजी व्हावं लागेल, पण त्याला अजून चार वर्षं आहेत, बाई.