वाचक विचारतात : उजनीच्या पाण्यावर

प्रश्न : भिगवणचे फ्लेमिंगो आणि पळसदेवचं पाण्यात गेलेलं देऊळ एकाच फेरीत जमेल का? सुट्टी मे महिन्यातच मिळते. – एक वाचक, चिंचवड

उत्तर : अवघड आहे हो. इथे सगळं उजनी धरणाच्या पाण्यावर चालतं, त्यामुळे निघण्याआधी पेपरातली धरणाची टक्केवारी बघा. धरण ११७ टीएमसीचं (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट), त्यात ६३च्या आसपास मृतसाठा, म्हणजे सोलापूरकडची मंडळी "उजनी मायनसमधे गेली" म्हणतात तेव्हाही आत भरपूर पाणी असतंच, फक्त वापरायचा साठा संपलेला असतो. देऊळ नीट मोकळं होतं ते चांगलंच मायनस झाल्यावर, २०२४च्या उन्हाळ्यात झालं होतं तसं. फ्लेमिंगोंना मात्र गुडघाभर पाणी आणि चिखल लागतो, तो पाणी उतरायला लागलं की तयार होतो, म्हणून जानेवारी ते मार्च कुंभारगाव-डिकसळ बाजूला थवे चांगले मिळतात, आणि मे येईपर्यंत त्यातले बरेच निघून गेलेले असतात. तेव्हा मे म्हणजे देऊळ धरा, पक्षी दिसले तर बोनस. बोटीत बसायचं ते सकाळीच आणि लाइफ जॅकेट घालूनच, मे २०२४मधेच कुगाव-कळाशी दरम्यान संध्याकाळच्या वादळात बोट उलटून सहा जण गेले. आणि जेवायला चिलापी मासा, हे विचारलं नसलं तरी सांगतो.

प्रश्न : बोटवाल्याला सांगून थवा उडवला की पंखातला लाल रंग फोटोत येतो म्हणतात, खरं का?

उत्तर : रंग येतो, पण असलं करू नका. एवढा मोठा पक्षी, त्याला उडायला आधी पाण्यावरून पळत जावं लागतं, आणि सकाळभर दर बोटीने हेच केलं तर तो खाणार कधी? इंजिन बंद करायला सांगा नि गप बसा. मान खाली, चोच उलटी चिखलात, आणि पाय आपटत जागच्या जागी गोल फिरतो, हे बघण्यासारखं असतं, मधेच अंग ताणायला पंख उघडतो तेव्हा लाल-काळं आपोआप मिळतं. ४०० एमएमची लेन्स असेल तर उत्तम, मोबाईलने नुसते ठिपके येतील.

प्रश्न : देवळाजवळ कोरलेले दगड आहेत, खाली लढाई आणि वर पिंड. ते काय?

उत्तर : वीरगळ. लढताना मेलेल्या माणसाची आठवण. खालून वर वाचायचा : तळाशी लढाई, मधे त्याला घेऊन जाणाऱ्या अप्सरा, वर तो पिंडीची पूजा करताना, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य, म्हणजे ते आहेत तोवर कीर्ती राहणार. खाली गाई दिसल्या तर गडी गुरं वाचवताना गेला असं समजा. फोटो सकाळच्या तिरप्या उन्हात काढा, दुपारी कोरीव काम सपाट दिसतं. आणि दगडांवर उभं राहून सेल्फी नको, प्लीज.