जर्मनीच्या सीडीयू पक्षाच्या नावातील ‘ख्रिश्चन’ या शब्दाचा नेमका अर्थ काय?

ज्या पक्षाच्या नावातच धर्म आहे तो लोकशाहीवादी कसा, आणि तो चर्चचाच पक्ष नव्हे का, असे आपण विचारले आहे. बॉनमध्ये काही वर्षे राहिल्यामुळे हा प्रश्न मलाही पडला होता. त्या वेळी जे वाचले आणि पाहिले त्यावरून माझे मत असे झाले की, ‘ख्रिश्चन डेमोक्रॅटिक युनियन’ (सीडीयू) या नावातला सर्वांत महत्त्वाचा शब्द पहिला नसून शेवटचा आहे.

दुसऱ्या महायुद्धापूर्वी जर्मनीत कॅथलिकांचा स्वतंत्र पक्ष होता. ‘झेंट्रुम’ नावाचा हा पक्ष १८७० मध्ये निघाला आणि कॅथलिक चर्चला वेसण घालण्यासाठी बिस्मार्कने केलेल्या कायद्यांशी झुंजताना घडत गेला. प्रोटेस्टंटांची मते इतर पक्षांकडे जात. दोन्ही पंथांचे लोक शेजारी राहत असले तरी त्यांच्या शाळा वेगळ्या, संस्था वेगळ्या, आणि एकमेकांत सोयरीक करणे दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांना मान्य नसे. मार्च १९३३ मध्ये संसदेला डावलून कायदे करण्याचा अधिकार हिटलरच्या सरकारला देणारे विधेयक आले, तेव्हा झेंट्रुमनेही त्याच्या बाजूने मतदान केले, आणि जुलैमध्ये त्या पक्षाला स्वतःचेच विसर्जन करावे लागले. ही शरमेची आठवण बाजूला ठेवून सीडीयूचा जन्म समजून घेता येत नाही, असे मला वाटते.

१९४५ च्या उन्हाळ्यात, शहरे ढिगाऱ्याखाली असताना, बर्लिन, कोलोन आणि इतर अनेक ठिकाणी लोक जवळपास एकाच वेळी एकाच निष्कर्षाला आले: दोन पंथांनी पुन्हा वेगवेगळ्या चुली मांडायच्या नाहीत. बर्लिनमधील आवाहन २६ जून १९४५ रोजी निघाले. त्यामागच्या आन्द्रेयास हेर्मेस यांना हिटलरविरोधी कटातील सहभागाबद्दल मृत्युदंड झालेला होता आणि राजवट कोसळल्यामुळेच ते वाचले होते. त्याच सुमारास कोलोनच्या मंडळींनी वाल्बरबर्ग येथील डोमिनिकन मठात बसून आपली तत्त्वे लिहून काढली. नव्या संघटनेला त्यांनी ‘युनियन’ म्हटले ते कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांचे मीलन या अर्थाने. हे मीलन सहज झाले नाही. मंत्रिपदे वाटताना पंथांचा तोल सांभाळावा लागे, आणि प्रोटेस्टंटांना आपण दुय्यम ठरू नये म्हणून १९५२ मध्ये पक्षांतर्गत स्वतंत्र मंडळ उभारावे लागले.

आता मूल्यांविषयी. या पक्षाचा पाया ‘माणसाकडे पाहण्याची ख्रिस्ती दृष्टी’ हा आहे. प्रत्येक माणसाला ईश्वरदत्त प्रतिष्ठा आहे, म्हणून कोणतेही राज्य, वर्ग किंवा राष्ट्र त्याच्यापेक्षा मोठे नाही. पण माणूस चुकणारा आहे, म्हणून पृथ्वीवर स्वर्ग आणण्याचे वचन देणाऱ्या सत्तेवर विश्वास ठेवू नये. याला जोडून पोप अकरावे पायस यांनी १९३१ मध्ये स्पष्ट मांडलेले एक तत्त्व येते: जे काम कुटुंब, गाव किंवा स्थानिक संस्था करू शकते ते वरच्या सत्तेने हिरावून घेऊ नये, मात्र खालच्यांचे बळ अपुरे पडेल तेथे मदतीला धावून जावे. आपल्याकडे ग्रामपंचायतीच्या अधिकारांवर चर्चा होते तेव्हा मला हे तत्त्व हटकून आठवते. धर्मश्रद्धेतून कोणताही ठरावीक राजकीय कार्यक्रम निघत नाही, आणि ख्रिस्ती नसलेल्यांनाही या पायावर सोबत काम करता येईल, असे पक्षाने १९७८ च्या मूलभूत कार्यक्रमातच लिहून ठेवले. आपल्या शंकेचे सरळ उत्तर मला तेथे सापडले.

आर्थिक विचार मात्र लगेच ठरला नाही. फेब्रुवारी १९४७ मधील आलेन येथील कार्यक्रमात, भांडवलशाही जर्मन जनतेच्या हिताला न्याय देऊ शकली नाही, असे स्पष्ट म्हटले होते. कॅथलिक कामगार चळवळीचा तो आवाज होता. जुलै १९४९ मध्ये ड्युसेलडॉर्फला पक्षाने ‘सामाजिक बाजार अर्थव्यवस्था’ स्वीकारली. तिचे नाव अर्थतज्ज्ञ आल्फ्रेड म्युलर-आर्माक यांनी दिलेले आणि अंमलबजावणी अर्थमंत्री लुडविग एरहार्ड यांची. स्पर्धा खुली, पण नियम राज्याचे आणि दुर्बलांना आधार सर्वांचा, असे तिचे स्वरूप होते. १९५१ मध्ये कोळसा आणि पोलाद कंपन्यांच्या देखरेख मंडळांत कामगारांना भांडवलदारांच्या बरोबरीने जागा मिळाल्या. १९५७ मध्ये निवृत्तिवेतन वेतनवाढीशी जोडले गेले, आणि त्याच वर्षी बव्हेरियातील सीएसयू या भगिनीपक्षासह सीडीयूला निवडणुकीत ५०.२ टक्के मते मिळाली.

पश्चिम जर्मनीचे पहिले चान्सलर, म्हणजे सरकारप्रमुख, सीडीयूचे कोन्राड आडेनाउअर १९४९ मध्ये संसदेत जेमतेम लागणाऱ्या २०२ मतांनी निवडून आले, तेव्हा ते ७३ वर्षांचे होते; पुढे १४ वर्षे ते त्या पदावर राहिले. बॉनजवळच्या ऱ्योनडॉर्फ गावी त्यांचे घर आणि उतारावरची गुलाबाची बाग मी पाहिली आहे. फ्रान्सशी समेट आणि इस्रायलला नुकसानभरपाई या त्यांच्या कामांबद्दल मला मनापासून आदर आहे. तरीही हे सांगितलेच पाहिजे की, भरपाईचा करार समाजवाद्यांच्या मतांमुळेच संसदेत तरला, कारण आडेनाउअर यांच्याच बाजूचे अनेक सदस्य तटस्थ राहिले होते. शिवाय नाझींच्या वंशविषयक कायद्यांवर भाष्य लिहिणारे हान्स ग्लोब्के दहा वर्षे त्यांच्या कार्यालयाचे प्रमुख होते. माणसाच्या प्रतिष्ठेवर उभ्या राहिलेल्या पक्षाला हे शोभणारे नव्हते. पूर्व जर्मनीतील त्याच नावाचा पक्ष तर चार दशके साम्यवादी सत्तेचा अंकित राहिला आणि १ ऑक्टोबर १९९० रोजी, एकीकरणाच्या दोन दिवस आधी, मूळ पक्षात विलीन झाला.

नावातील पहिल्या शब्दाची व्याप्ती किती, यावर पक्षात अजूनही वाद होतात. जून २०१७ मध्ये समलिंगी विवाहाच्या मतदानात पाद्र्याची कन्या असलेल्या तेव्हाच्या चान्सलर आंगेला मेर्केल यांनी विरोधात मत दिले, तर त्यांच्याच संसदीय गटातील ७५ जणांनी बाजूने. त्याआधी २०१० मध्ये लोअर सॅक्सनी राज्यात याच पक्षाने आयग्युल ओझ्कान यांना मंत्री केले. जर्मनीतील कोणत्याही राज्याच्या त्या पहिल्या मुस्लीम मंत्री. सरकारी शाळांत क्रूस नसावेत असे त्या म्हणाल्या तेव्हा पक्षात वादळ उठले आणि त्यांना माघार घ्यावी लागली. पण शपथ त्यांनी ईश्वराला स्मरूनच घेतली, आणि तो ईश्वर ज्यू, ख्रिस्ती व मुस्लीम या तिघांचा एकच आहे, असे नंतर सांगितले.