रोजच्या भाड्याची ई-रिक्षा

प्रश्न : मुलगा पुण्यात एका नव्या कंपनीची ई-रिक्षा चालवायला जायचं म्हणतोय. गाडी कंपनीची, रोजचं भाडं ठरलेलं, प्रवासी ॲपवरून. पाठवू का?
– एक आई, पाचोरा

उत्तर : ताई, पाठवा, पण कराराचा कागद आधी मराठीत मागून घ्या. गाडी गॅरेजात उभी असेल, पोरगा तापाने पडला असेल, त्या दिवसाचंही भाडं लागतं का? लागत असेल तर माझा सरळ नकार. कमिशनचंही विचारा. बंगळुरूचं ‘नम्मा यात्री’ हे रिक्षा बोलवायचं ॲप फेरीमागे वाटा न घेता चालकाकडून ठरावीक शुल्क घेतं. म्हणजे तशी पद्धत चालू शकते.

आता बॅटरी. इथे भुसावळच्या मे महिन्यात माझ्याकडे लेड-ॲसिडवाल्या गाड्या येतात. झाकण उघडलं की पाणी आटलेलं, टर्मिनलवर पांढरा-हिरवा थर. अशा बॅटऱ्या वर्ष-दीड वर्षात मान टाकतात. लिथियमच हवी. तीही उन्हातून आल्या आल्या चार्जिंगला लावू नये, आधी सावलीत निवू द्यावी. पूर्ण चार्जिंगला साधारण आठ-नऊ युनिट लागतात. ते बिल कोण भरणार, हेही कागदावर हवं.

केंद्राने 2018 मध्ये बॅटरीवरच्या प्रवासी वाहनांना परमिटमधून सूट दिली. लायसन्स आणि विमा मात्र लागतोच. विम्याची प्रत मुलाच्या हातात असू द्या, आणि डिपॉझिट भरलं की पावती घेतल्याशिवाय त्याने तिथून हलू नये.